हाली, कलदार आणि करोडगिरी : नरसी नामदेव परिसरातील नित्याच्या जाचाचा इतिहास

नरसी नामदेव हे हिंगोली तालुक्यातील कयाधू नदीकाठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला आणि पंजाबलाही ठाऊक असले, तरी त्या गावाच्या इतिहासाची जी मांडणी प्रचलित आहे ती दोनच ठिकाणी थांबते : इ. स. १२७० च्या सुमाराचा शिंपी कुळातील एका मुलाचा जन्म आणि १९४८ साली निजामी राजवटीचा झालेला शेवट. या दोन टोकांच्या मधली सुमारे पावणेसातशे वर्षे येथील माणूस रोज कसा जगत होता, कोणत्या कारणांनी कातावत होता, हा विषय इतिहासकारांच्या पदरी फारसा पडलेला नाही. दुष्काळ, लढाई, बंड यांची नोंद होते, कारण त्यांना तारीख असते. पाणी भरण्यात गेलेली सकाळ, नाक्यावर खोळंबलेली बैलगाडी, न वाचता आलेला कागद यांना तारीख नसते. त्यामुळे या जाचाचा माग काढायचा तर बखरीपेक्षा नाणी, कालगणना, जकात आणि रोगराई यांच्याकडे वळावे लागते.

या परिसराचे भौगोलिक दुर्दैव असे की त्याच्या उत्तरेला वऱ्हाड आहे. वऱ्हाड आणि हिंगोली एकाच पठाराचे भाग आहेत, दोन्हीकडे तीच काळी माती, तीच ज्वारी, तोच कापूस आणि सोयरीकही एकमेकांतच; परंतु १८५३ च्या तहाने या सलग मुलखात एक रेघ ओढली गेली. हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे निजामाच्या नावाने उभी केलेली पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज, हिच्या खर्चाची बाकी निजामाच्या खजिन्याला फेडता येईना, म्हणून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. याच कंटिंजंटची एक छावणी हिंगोलीत होती. म्हणजे ज्या पलटणी हिंगोलीच्या माळावर कवायत करीत होत्या, त्यांच्याच पगारापायी हिंगोलीच्या शेजारचा मुलूख परका झाला. १९०२ मध्ये वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि १९०३ मध्ये ती फौजही इंग्रजी सैन्यात विरून गेली. रेघ मात्र राहिली.

रेघेवर नाके आले. हैदराबाद संस्थानाचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई. १८०२ च्या व्यापारी तहापासून सरहद्दीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शेकडा ५ या दराने कर घेण्याची रीत पडली होती. ५ टक्के हा आकडा कागदावर मवाळ दिसतो, आणि संस्थानाच्या कैवाऱ्यांनी तो तसा दाखवलाही असेल. पण कराचा खरा भार दरात नसतो, तो वसुलीच्या पद्धतीत असतो. मालाची किंमत ठरवणार नाक्यावरचा कारकून, गाठोडे सोडून दाखवायचे शेतकऱ्याने, आणि कारकून जेवायला गेला असेल तर बैल सोडून झाडाखाली बसायचे तेही त्यानेच. वऱ्हाडातल्या वाशीमच्या बाजारातून लग्नाचे लुगडे आणणारा माणूस व्यापारी नव्हता, तरी कारकुनाने मनात आणल्यास त्याला व्यापारी ठरायला वेळ लागत नसे.

नाका ओलांडला की पैसाही बदले. निजामाच्या टांकसाळीत पडणारा रुपया ‘हाली सिक्का’, म्हणजे चालू नाणे, आणि इंग्रजी रुपया ‘कलदार’, म्हणजे कळीच्या यंत्रावर पाडलेला. हालीच्या पुढच्या काळातील नाण्यावर चारमिनारचे चित्र असे. सर्वसाधारण हिशेब सात हालीला सहा कलदार असा होता, म्हणजे शंभर कलदारांसाठी ११६ ते ११७ हाली मोजावे लागत. हा भाव सराफाच्या कट्ट्यावर थोडा वर-खाली होई, आणि नाणे बदलताना सोसाव्या लागणाऱ्या कपातीला ‘बट्टा’ म्हणत. हिंगोली ही कापसाची मोठी पेठ होती. नरसीच्या शेतकऱ्याने तेथे कापूस विकला की त्याच्या हाती हाली पडत. वऱ्हाडातील पाहुण्याला उसने परत करायचे किंवा पंढरीच्या वाटेवर इंग्रजी मुलखात खर्च करायचा, तर कलदार लागत. दर खेपेस बट्ट्यात जाणारे चार-दोन आणे एखाद्या घराला बुडवीत नसत, पण वर्षभरात ते किती झाले याचा हिशेब लावण्याइतके अंकगणितही बहुतेकांना शिकवले गेले नव्हते. टपालाचीही तीच कथा होती : निजामाच्या टपालाचे तिकीट संस्थानापुरतेच चाले, सरहद्दीपलीकडच्या लेकीला पत्र धाडायचे तर इंग्रजी तिकीट लागे.

काळसुद्धा एक नव्हता. सरकारी दप्तरात फसली सन चाले. ही मुळात पिकांच्या हंगामावर बांधलेली महसुली कालगणना असून तिचा आकडा इसवी सनाहून साधारण ५९० ने कमी असतो, आणि हैदराबादेत तिच्या महिन्यांना आजूर, दय, बहमन अशी इराणी नावे दिलेली होती. जून १९३९ च्या सुमाराचा एखादा दिवस घेतला तर घरच्या पंचांगात तो शके १८६१ चा ज्येष्ठ-आषाढ होता, कचेरीच्या समन्सावर १३४८ फसलीचा अमरदाद होता, मशिदीच्या हिशेबाने हिजरी १३५८ होते आणि वाशीमच्या वखारीत नुसता जून. ज्याची तारीख अमरदादची आहे त्याने मृगाच्या पेरणीत गुंतलेले असताना ती ओळखायची कशी, हा प्रश्न कचेरीला पडत नसे. तारीख चुकली की दावा एकतर्फी निकालात निघे.

या सगळ्याच्या मुळाशी भाषेचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली, तेव्हा उर्दू ही शहरी दरबाराची भाषा म्हणून आली आणि मराठवाड्यातील बहुसंख्य मराठी भाषकांना दोन्ही सारख्याच दूरच्या राहिल्या. १९०१ च्या खानेसुमारीत संपूर्ण संस्थानात अक्षरओळख असणारे लोक शेकडा ३ च्या आसपास होते. शाळांच्या पायऱ्यांना तहतानिया (प्राथमिक), वस्तानिया (माध्यमिक) आणि फोकानिया (वरिष्ठ) अशी नावे होती, आणि वरच्या पायऱ्या उर्दूतूनच चढाव्या लागत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मान मिळवला, पण ती देशी भाषा या मुलखाची नव्हती. कचेरीतला कागद वाचून घ्यायचा तर अर्जनवीस, म्हणजे पैसे घेऊन अर्ज लिहिणारा, किंवा पटवारी यांच्याकडे जावे लागे. कागदात जे आहे तेच त्याने वाचून दाखवले की नाही हे पडताळण्याचा उपाय नव्हता. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाने सभेसाठी पूर्वपरवानगी आवश्यक केली, आणि त्यानंतर लोक जमवून तक्रार बोलायची तरी आधी त्याच भाषेत अर्ज करणे आले.

कागदाचा उलटा उपयोग कसा होई याचे एक उदाहरण हिंगोलीच्याच छावणीतले आहे. निजामाच्या फौजेतील अधिकारी मेडोज टेलर याने ठगांवरील आपल्या १८३९ च्या कादंबरीच्या प्रास्ताविकात हरिसिंग नावाच्या ठगाची हकीकत दिली आहे. हा हरिसिंग हिंगोलीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरत होता आणि खुद्द टेलरचे त्याच्याशी व्यवहार झाले होते. मुंबईहून येणाऱ्या कापडासाठी त्याने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला, ते कापड ज्याचे होते त्या व्यापाऱ्याला माणसांसकट वाटेत ठार केले आणि त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणून छावणीत उघड विकला. प्रामाणिक माणसाला परवाना अडवीत होता आणि खुन्याला तारीत होता. कापड विकूनच पोट भरणाऱ्या दामाशेटींच्या मुलाच्या, म्हणजे नामदेवांच्या, गावापासून ही पेठ काही कोसांवर होती, हा योगायोग अर्थात इतिहासाच्या कामाचा नाही.

मात्र या प्रदेशातील सगळा जाच निजामाच्या खाती मांडणे हे सोयीचे असले तरी खरे नाही, आणि १९४८ नंतरच्या स्मरणग्रंथांत ही सोय वारंवार घेतलेली दिसते. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्यासाठी गाडी, सरपण, कडबा, दूध फुकट पुरवण्याची जी वेठ होती, ती सरकारची खरी. पण कोणाच्या डोक्यावर सरपणाचा भारा ठेवायचा हे ठरवणारे गावचेच पाटील-पटवारी होते, आणि तो भारा नेमाने महारवाड्याकडे जाई. सावकाराचे व्याज, वसुलीला दारात बसणारा रोहिला किंवा अरब, हे राजवटीच्या आशीर्वादाने चालले. पाणवठ्यावरची विटाळाची सीमा मात्र कोणत्याही फर्मानाने आखलेली नव्हती. देवळापुढे कीर्तनाला उभ्या राहिलेल्या नामदेवांना जातीवरून मागे सारले गेल्याची औंढा नागनाथची कथा गावोगाव सांगितली जाते, देऊळ फिरल्याचे कौतुकही होते. मागे सारणारे कोण होते, हा तिचा भाग हळू आवाजात सांगितला जातो. नामदेवांची ६१ पदे ज्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, त्यात मात्र हा अपमान स्पष्ट नोंदलेला आहे.

पाण्याचा जाच या सर्वांहून जुना. कयाधू पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र वाळूचे होते. पूर्वी अशा वेळी वाळूत हातभर-दोन हात खड्डा, म्हणजे झिरा, करून त्यात पाझरणारे पाणी वाटीने घागरीत भरण्याचे काम बायका पहाटेपासून करीत. वाटी जोरात बुडवली की तळ ढवळून पाणी गढूळ होई, म्हणून निवळेपर्यंत थांबावे लागे, आणि घागरीमागे बसलेल्या घागरींची रांग त्या थांबण्यानेच वाढे. ज्या गावांना बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, होती तेथे श्रम कमी होते, पण तेथे नारू होता. पाण्यात उतरून घागर भरणाऱ्या नारूच्या रोग्याच्या पायातून जंतूची पिल्ले पाण्यात सुटत, पाण्यातील सूक्ष्म पिसवांच्या पोटात वाढत, आणि ते पाणी प्यालेल्या माणसाच्या पायातून सुमारे वर्षाने हातभर लांबीचा दोरा बाहेर पडे. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजे. रोग बहुधा जीव घेत नसे, पण माणसाला ऐन कामाच्या दिवसांत खाटेवर पाडी, आणि जीव न घेणाऱ्या रोगाकडे सरकारी डोळा उशिरा जातो. त्यावरचा उपाय दुहेरी फडक्यातून पाणी गाळणे इतका साधा होता. देशव्यापी निर्मूलन मोहीम १९८० च्या दशकात सुरू झाली आणि भारत नारूमुक्त असल्याची घोषणा २००० साली झाली.

राजकीय लढ्याचा इतिहास या नित्याच्या जाचातून पाहिला की त्याची एक बाजू स्पष्ट होते. १९४७-४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने वऱ्हाडाच्या हद्दीत, उमरखेडसारख्या ठिकाणी, सशस्त्र तळ उभारले, तेव्हा तेथील तरुणांनी हल्ल्यासाठी निवडलेल्या लक्ष्यांत करोडगिरीचे नाके ठळक होते; त्याआधीच्या सत्याग्रहात अबकारी उत्पन्न बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडली गेली होती. नेत्यांच्या ठरावांत जबाबदार राज्यपद्धती आणि भारतात विलीनीकरण हे शब्द होते. गावकऱ्याला त्यांचा अर्थ जळणाऱ्या नाक्यावरून लागला असावा. ज्या रेघेने शंभर वर्षे छळले, तिच्याच पलीकडे रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, भीतीने अनेक कुटुंबे त्या काळात आसऱ्याला गेली.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारने संस्थानावर केलेल्या पोलीस कारवाईनंतर हाली आणि करोडगिरी काही वर्षांतच इतिहासजमा झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, परभणीतून हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. जाचाचे नाव बदलले आणि ‘अनुशेष’, म्हणजे इतर विभागांच्या तुलनेत राहून गेलेली विकासकामांची बाकी, हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या हातावर सुकडी पडली, आणि १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांनी पाणवठ्यावरची जुनी सीमा किती शाबूत होती ते दाखवले.

जुन्या कागदांनी मात्र या माणसांचा पिच्छा सोडला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील मराठा समाजाच्या, आरक्षणासाठी लागणाऱ्या, कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि तहसील कचेऱ्यांतील निजामकालीन दप्तरांच्या रुमालांच्या गाठी पुन्हा सुटू लागल्या. आत मोडी होती, उर्दू होती, फसली साल होते. आपला पणजोबा त्या पानावर कुणबी आहे की नाही हे जाणण्यासाठी आलेल्या माणसाला, अर्जनवीसापुढे उभ्या राहिलेल्या त्या पणजोबाप्रमाणेच, ते वाचून दाखवणारा कोणीतरी शोधावा लागला.