रस्त्याकाठचं घर, रात्रीचा आवाज आणि तुमचा बीपी

"डॉक्टर, गोळी वेळेवर घेतो, तरी बीपी उतरत नाही." अशा वेळी औषध, मीठ, तंबाखू याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारायला हवा: तुम्ही झोपता कुठे?

आवाज कोणाच्या वाट्याला जास्त येतो?
सोलापूर–धुळे महामार्ग (क्र. ५२) बीड जिल्ह्यातून जातो. रस्त्यालगतच्या पत्र्याच्या घरात आवाज फारसा अडत नाही. ज्यांना परवडतं ते आतल्या गल्लीत पक्कं घर बांधतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोपीला तर भिंतच नसते आणि रात्री उसाच्या गाड्यांची ये-जा चालू असते. हातगाडीवाले, रिक्षाचालक, वाहतूक पोलीस यांचा दिवसही हॉर्नमध्येच जातो.

शरीरात काय होतं?
झोपेतही कान आवाज टिपत असतात. हॉर्न वाजला की जाग आली नाही तरी ताणाची संप्रेरकं वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. "आता सवय झाली" असं आपल्याला वाटतं, पण शरीराला पूर्ण सवय होत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मुलांचं अभ्यासातलं लक्षही कमी होतं.

मर्यादा किती?
२००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

घरी काय करता येईल?
- अंथरूण रस्त्यापासून सर्वांत लांबच्या खोलीत घाला.
- रात्री फोमचे इअरप्लग वापरा. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही. गाडी चालवताना मात्र इअरप्लग नको.
- कानात तेल घालू नका.
- बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी जावं?
बीपी वारंवार १४०/९० किंवा जास्त येत असेल, कानात सतत गुणगुण होत असेल, समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागत असेल तर तपासून घ्या. अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखल्यास १०८ ला फोन करा.

विनाकारण हॉर्न वाजवणं हा मोटार वाहन कायद्याने दंडनीय गुन्हा आहे. रात्रीच्या त्रासाची तक्रार ११२ वर करता येते. घर बदलणं प्रत्येकाला जमत नाही. म्हणून हॉर्न आवरणं ही गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.