चार्ल्स जॉन अँडरसन : व्यापारी आणि निसर्गाभ्यासक

स्वीडनमधील वेर्मलांड प्रांतात १८२७ साली जन्मलेला कार्ल युहान अँडरसन इतिहासात ‘चार्ल्स जॉन’ या इंग्रजी रूपानेच परिचित आहे. १८५० मध्ये फ्रान्सिस गॉल्टन याच्या समवेत तो आजच्या नामिबियाच्या किनाऱ्यावर, वॉल्व्हिस बे येथे उतरला. गॉल्टन मायदेशी परतला. अँडरसन मात्र तेथेच राहिला आणि १८५३ मध्ये एन्गामी सरोवरापर्यंत जाऊन पोहोचला.

या प्रवासावरील त्याचा इंग्रजी ग्रंथ १८५६ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यात हेरेरो लोकांस सर्वत्र ‘दामारा’ म्हटले आहे. हे लोक स्वतःस ‘ओवाहेरेरो’ म्हणवितात. त्यातील ‘ओवा’ हा अनेकवचनाचा उपसर्ग होय. ‘दामारा’ हा शब्द त्यांच्या दक्षिणेकडील शेजाऱ्यांच्या, म्हणजे नामा भाषेतील आहे. केप वसाहतीकडून व्यापार ज्या वाटेने आला त्याच वाटेने हे नावही आले. आज ते नामाभाषक अशा एका वेगळ्याच समाजाचे नाव आहे. जुने ग्रंथ वाचताना याचा विसर पडल्यास मोठा घोटाळा होतो.

अँडरसनची उपजीविका हस्तिदंत व गुरे यांवर चाले. १८६० मध्ये ओचिंबिंग्वे येथील एका खाण कंपनीची मालमत्ता विकत घेऊन त्याने तेथे ठाणे मांडले. गुरांचे कळप केपकडे न्यावयाचे, तर वाट नामाभाषक सरदारांच्या मुलुखातून. त्यांत प्रबळ होते ते आफ्रिकानर घराणे (बोअर लोकांशी याचा संबंध नाही). त्यांच्याशी वितुष्ट आले आणि जून १८६४ मध्ये हा पक्षिवेत्ता हेरेरोंचा सेनापती होऊन लढला. पायास गोळी लागून तो जन्माचा अधू झाला. या संघर्षास पुढे हेरेरोंचे ‘मुक्तियुद्ध’ म्हणण्याचा प्रघात पडला. त्याची त्या काळातील दैनंदिनी व पत्रव्यवहार १९८९ मध्ये विंडहुक येथे प्रसिद्ध झाला. ‘व्यापार आणि राजकारण’ हे त्या खंडाचे शीर्षक आम्हांस अधिक यथार्थ वाटते.

जुलै १८६७ मध्ये कुनेने नदीकडून परतताना तो वारला. पक्ष्यांविषयीची त्याची टिपणे जॉन हेन्री गर्नी याने १८७२ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या नावातही ‘दामारा’ आहेच. त्यास मूठमाती देणारा तरुण स्वदेशबंधू अक्सेल एरिक्सन पुढे स्वतःही व्यापारी व पक्षिसंग्राहक झाला. त्याने जमविलेले पक्षी स्वीडनमधील व्हेनेर्सबोर्गच्या संग्रहालयात आहेत.