वन्समोअर

रसिकाला आवडलेली वस्तू पुन्हा हवी असते, आणि पुन्हा तीच मिळाली की तो कंटाळतो. नाटकधंद्याचे हे जुने दुखणे आहे.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले. सूत्रधार, गणपती, सरस्वती आणि मग देवदानवांचे युद्ध, हा साचा लोकांना इतका रुचला की पुढे अनेक मंडळ्यांनी तोच गिरवला. राक्षसांच्या आरोळ्यांना लोक विटले, तेव्हा १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले; पदे सूत्रधाराकडून पात्रांच्या तोंडी गेली. ही वाटही पुढे मळली. १९१३ साली निघालेल्या गंधर्व मंडळीत बालगंधर्वांच्या पदांवर वन्समोअरचा पाऊस पडे. १९३२ साली मराठी बोलपट आला, तरी भक्तांना ‘स्वयंवरा’तली तीच रुक्मिणी हवी होती. नटाचे वय वाढत गेले; रुक्मिणीचे आम्ही वाढू दिले नाही. या थोर कलावंताला प्रेमानेच कोंडले, असे मला वाटते.

चोरखमाऱ्यास मास्तरकी करताना मला दुसरी तऱ्हा दिसली. दिवाळी सरून गावोगाव मंडई भरू लागली की आमच्या झाडीपट्टीत दंडार उभी राहते. कथा सर्वांना पाठ. तरी माणसे घोंगडी घेऊन रात्रभर बसतात. एका वृद्धाला कारण विचारले, तर म्हणाला, “गुर्जी, कथा मालूम हाये, आता तो का बोलते ते पायाले आलो.” दंडारीचा ठेका जुना, परंतु यंदाच्या धानाचा भाव आणि गावच्या पुढाऱ्याची फजिती सोंगाड्याच्या तोंडी आयत्या वेळी येते.

झाडीपट्टीचे नाटक याच मातीतले. वडशाच्या मंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सारा मुलूख सुखावला. तथापि प्रेक्षक टिकावा म्हणून अंकाअंकांत नाच घालण्याची चाल आता पडली आहे. त्याने तंबू भरतो, हे खरे. पण नाचाची नवलाई हंगामाबरोबर ओसरते, आणि मग आणखी मोठा नाच लागतो. संवादाला वेळ उरत नाही.

वाचकहो, दोष एकट्या मंडळ्यांचा नव्हे. यंदा मंडईस गेलात तर जुन्या पदाला वन्समोअर देण्यापूर्वी एखाद्या पोराने नवे रचलेले बोल शेवटपर्यंत ऐकून घ्या.