सातारा-सांगलीची चर्चे आणि चॅपले

इंग्लंडातील खेड्याचा धर्मेतिहास पाहू जाता तेथे दोन वास्तू परस्परांकडे काहीशा संशयाने पाहत उभ्या असलेल्या आढळतात. एक उंच मनोऱ्याचे राजमान्य चर्च, ज्याचा पाळक रयतेच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा हक्काने वसूल करी आणि ज्याच्या दप्तरात गावातील बाप्तिस्मे, विवाह व दफने नोंदली जात. आणि दुसरे, १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्याने राजरोस प्रार्थना करण्याची मुभा मिळालेल्या भिन्नमतवाद्यांचे साधे, मनोरा नसलेले चॅपल. हे दोन्ही संप्रदाय एकोणिसाव्या शतकात सह्याद्रीच्या या मुलखात आले, तेव्हा आपले जुने भेद त्यांनी सोबत आणले.

राजमान्य चर्च येथे आले ते हवेच्या निमित्ताने. १८२४ साली लॉडविक हा इंग्रज अंमलदार महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला, आणि १८२९ च्या तहनाम्याने सातारच्या प्रतापसिंह महाराजांनी खंडाळा गावाच्या मोबदल्यात ते ठाणे कंपनी सरकारास दिल्यावर गव्हर्नर माल्कमच्या नावाने तेथे पेठ वसली. या माल्कम पेठेत उभ्या राहिलेल्या ख्राइस्ट चर्चची प्रतिष्ठापना मुंबईचे पहिले बिशप कार यांनी १८४२ साली केली. परंतु या चर्चची मंडळी ऋतूबरोबर येणारी आणि ऋतूबरोबर जाणारी होती. मृगाचा पाऊस कोसळू लागला की अंमलदार घाट उतरत आणि उपासनेची बाके रिकामी पडत. बारमाही वस्तीस योग्य जागा म्हणून जॉन चेसन याने पाचगणीची उभारणी केली. तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्याचे दफनही झाले. तथापि या दोन्ही ठिकाणची उपासना प्रामुख्याने इंग्रजांची व इंग्रजीतली राहिली; घाटाखालच्या शेतकऱ्याशी तिचा संबंध जवळजवळ नव्हता.

दुसरी वाट अमेरिकन मिशनची. इंग्लंडातील चॅपलवाल्यांचेच हे समुद्रापार गेलेले गोत्र. मंडळीवर ना बिशपचा अधिकार असावा ना सरकारचा, ही त्यांची निष्ठा. मुंबईत १८१३ साली व अहमदनगरास १८३१ साली पाय रोवल्यावर त्यांच्यापैकी अॅलन ग्रेव्ह्ज प्रकृतिस्वास्थ्यासाठी महाबळेश्वरी राहिले आणि १८४३ मध्ये तेथेच वारले. सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर, १८४९ साली, मिशनचे ठाणे सातारा शहरात आले. दक्षिणेकडे त्याच मिशनचे रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास पोचले. त्यांच्या मागून आलेल्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८८४ साली पटवर्धनांच्या सांगलीत आपले केंद्र काढले.

या लोकांच्या बाबतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, प्रार्थनामंदिराचे शिखर त्यांनी क्वचितच प्रथम बांधले. आधी शाळा निघे, मग दवाखाना, आणि त्याच खोलीत रविवारी बाके मांडून मराठीतून उपासना होई. मंडळी वाढली म्हणजे मंदिराचा विचार. १८८९ साली आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस १८९४ साली रुग्णालय उघडले आणि १८९७ पासून तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी काढलेल्या आरोग्यधामाभोवतीच्या वस्तीस लोक वानलेसवाडी म्हणू लागले. इंग्लंडात चर्चभोवती गाव वसे. येथे खाटांभोवती वस्ती आणि वस्तीपोटी मंडळी वाढली. त्या मंडळीत महार-मांग घराण्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती, आणि गावच्या देवळाच्या पायरीवर ज्यांना मज्जाव होता त्यांना सर्वांसोबत बाकावर बसता येणे, ही गोष्ट कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलकी होती.

तरीही पाश्चात्त्य चालीवर गायिलेली स्तोत्रे मराठी कानांना परकीच वाटत. ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रगण्य होत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-भजनांच्या द्वारे ख्रिस्तभक्ती वारकऱ्यांच्या वाटेवर आणली. आणि १९१७ साली मिशनच्या नोकरीचा त्याग करून साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' स्थापन केला. परदेशी संस्थेच्या तनख्यावर न अवलंबणारा, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही भक्तांना सामावणारा हा दरबार १९१९ साली त्यांच्या निधनाने पोरका झाला. परंतु चिरेबंदी भिंतीवाचूनही उपासना उभी राहते, हे त्याने दाखविले.

पुढे काळाने भेद हळूहळू बोथट केले. अमेरिकन मिशनच्या व प्रेस्बिटेरियनांच्या मंडळ्या १९२४ साली एका छत्राखाली आल्या; १९३० साली येथील राजमान्य, म्हणजे अँग्लिकन, धर्मसंस्था कायद्याने इंग्लंडपासून विभक्त झाली; आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे या दोन्ही धारा, इतर काहींसह, उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झाल्या. त्याच सुमारास इंग्लंडात अँग्लिकन व चॅपलवाल्यांपैकी मेथडिस्ट यांच्या ऐक्याची योजना १९६९ व १९७२ अशी दोनदा फसली. राजमान्यता आणि भिन्नमत यांचा जो तंटा त्या भूमीत तीन शतकांत मिटला नाही, तो येथे मिटू शकला. कारण येथील मंडळीला दशमांशाचे हक्क, जुन्या सनदा वा वडिलोपार्जित वैर यांपैकी काहीच राखावयाचे नव्हते, आणि साहेबाचा अंमल संपल्यावर तर भांडणाची मूळ कारणेही त्याच्यासोबतच निघून गेली होती.