देवगिरीचे ताल, गोर्लिट्झची छावणी

"आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत" एवढं नुसतं म्हटलं तरी आमच्या घरातली मंडळी चहा टाकायला उठतात. मोझार्ट, बीथोवन इथवर ठीक असतं. पण विसाव्या शतकातलं काही लावलं, की आतून आवाज येतोच, "काय गं, भांडी पडली का?" तसं त्यांचं म्हणणं खोटं नाही. गुणगुणायला चाल नाही, मान डोलवायला ठेका नाही, मग कान टेकवायचा कुठे?

अशांना मी एकच रचना सुचवते : ऑलिव्हिए मेसियाँ ह्या फ्रेंच संगीतकाराची 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम'. का, ते सांगते.

1940 साली फ्रान्स पडला, तेव्हा सैन्यात वैद्यकीय मदतनीस असलेला मेसियाँ जर्मनांच्या हाती लागला आणि गोर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पोचला. तिथे त्याच्यासोबत एक क्लॅरिनेटवाला, एक व्हायोलिनवाला आणि एक चेलोवाला होता. पियानोवर तो स्वतः. एका जर्मन पहारेकऱ्याने लिहायला कागद मिळवून दिला. त्या चौघांनी 15 जानेवारी 1941 रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीतच ही आठ भागांची रचना वाजवली. श्रोते कोण, तर कैदी आणि पहारेकरी. मेसियाँ पुढे सांगत असे, की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. चेलोवादकाने मात्र तारा चारच असल्याचं सांगितलं, आणि श्रोतेही काही शेच असावेत असं इतरांच्या सांगण्यावरून दिसतं. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही. काही शे उपाशी, गारठलेली माणसं सुमारे पन्नास मिनिटं असलं अनोळखी संगीत ऐकत बसली, हे काय कमी आहे?

आता गंमत बघा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात तालाध्याय आहे आणि त्यात 120 देशी तालांची यादी आहे. ती यादी फिरत फिरत एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि तिथे मेसियाँला सापडली. क्वार्टेटच्या पहिल्याच भागात पियानोची लय ह्यातल्या तीन तालांची आहे : रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश.

इथे आपली छाती फुगते. "बघा, आपल्याकडूनच घेतलं!" पण जरा थांबूया. मेसियाँने घेतल्या त्या फक्त लांब-आखूड कालावधींच्या मापांच्या ओळी. आवर्तन, हाताने दाखवायच्या क्रिया, त्यांवरचं गाणं ह्यातलं काहीच त्या तक्त्यातून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि आपण तरी? त्या 120 तालांपैकी बहुतेक आपल्या मैफलींतून केव्हाच गेले होते. आपल्याकडे जे पोथीत राहिलं, ते त्याने वाजवलं, पण आपल्या कामासाठी, आपल्या पद्धतीने.

काय केलं त्याने? तीन ताल जोडून 17 कालावधींची एक माळ केली. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्यावर 29 स्वरसमूहांची दुसरी माळ, तीही तशीच फिरणारी. 17 आणि 29 दोन्ही मूळ संख्या, म्हणजे दोन्ही माळा पुन्हा एकदम सुरुवातीला यायला 493 आघात हवेत. भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. आपला कान समेची वाट बघतो; इथे सम येतच नाही. मेसियाँ श्रद्धाळू कॅथलिक होता. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात काळाच्या समाप्तीची घोषणा करणारा देवदूत आहे, त्याला ही रचना वाहिलेली आहे. मोजता येणारा काळ संपवायचा, तर मोजणाऱ्या कानाला आधी मोकळं करायला हवं ना? ज्या कैद्यांना सुटकेची तारीख माहीत नव्हती, त्यांच्यापुढे हे वाजलं, हे लक्षात ठेवून ऐका.

छावणीतून सुटल्यावर मेसियाँ पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकवू लागला. बूलेझ, श्टॉकहाउझन, झेनाकिस हे पुढचे मोठे संगीतकार त्याच्या वर्गात बसले. त्याच्या एका सिंफनीचं नावच 'तुरंगलीला' आहे. ती 1949 साली बोस्टनला पहिल्यांदा वाजली. म्हणजे ह्या एका माणसाच्या दारातून गेलं, की नव्या संगीताच्या बऱ्याच खोल्या दिसतात.

ऐकायचं कसं? पहिला भाग पहिल्यांदा ऐकू नका. आधी पाचवा लावा : चेलो आणि पियानो, अतिविलंबित, एक लांबच लांब सूर. ज्यांनी किराणा घराण्याचा ख्याल शांतपणे ऐकलाय, त्यांना तो परका वाटणार नाही. मग तिसरा, एकट्या क्लॅरिनेटचा. त्यानंतर पहिला, आणि तेव्हा ठेका शोधायचा नाही.

मग भांडी पडल्यासारखी वाटली, तर खुशाल चहा टाका. माझाही एक कप टाका.