मोहसल, कौल आणि नोंदवही : पकड-वॉरंटच्या आयुर्मर्यादेचा एक विचार

इ. स. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ७५ व्या कलमात पकड-वॉरंटविषयी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वॉरंट लेखी असावे आणि त्यावर न्यायाधीशाची सही व न्यायालयाची मोहोर असावी, ही पहिली. ते बजावले जाईपर्यंत, अथवा ज्या न्यायालयाने ते काढले तेच न्यायालय ते रद्द करीपर्यंत, ते अमलात राहील, ही दुसरी. १९७३ च्या संहितेचे ७० वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ७२ वे कलम ह्यांत हीच तरतूद जवळजवळ त्याच शब्दांत आली आहे. तीत काळाची मर्यादा कोठेही नाही. लहान गुन्ह्यांची दखल घेण्यास १९७३ च्या संहितेने मुदतीचे बंधन घातले. एकदा निघालेल्या वॉरंटला मात्र तसे बंधन नाही. फिर्यादी मरण पावला, साक्षीदार पांगले, ज्या भांडणातून खटला उभा राहिला ते भांडणही मिटले, तरी कागद आपल्या जागी जिवंतच राहतो.

ह्या तरतुदीचा विचार बहुधा वकिलीच्या अंगाने होतो. इतिहासाच्या अंगाने पाहिल्यास तिच्यामागे दोन जुने प्रश्न उभे असलेले दिसतात. ज्याला बोलावणे आहे त्याला ते आहे हे कळावे कसे? आणि कळल्यावर त्याने त्यातून मोकळे व्हावे कसे? मराठी मुलखात गेल्या तीन शतकांत राज्ये बदलली, कायदे बदलले. परंतु ह्या दोन प्रश्नांची उत्तरे सारख्या प्रमाणात बदलली नाहीत. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळसे जुनेच राहिले. पहिल्याचे मात्र पार पालटले, आणि आजच्या अडचणीचे मूळ तेथे आहे.

मराठेशाहीतील बोलावणे हे मुख्यतः माणसाच्या रूपाने येत असे. वादीने मामलेदाराकडे अथवा हुजुरास अर्ज केला म्हणजे प्रतिवादीस आणण्यासाठी प्यादा किंवा स्वार रवाना होई आणि त्याच्या खर्चाचा भार बोलावलेल्या माणसावर पडे. ह्या आकारालाच 'मसाला' म्हणत. आजच्या वाचकास हा शब्द स्वयंपाकघरातला वाटेल, पण जुन्या दप्तरांत तो पदोपदी ह्या अर्थाने भेटतो, आणि कित्येकदा मसाल्याची रक्कम आज्ञेतच नमूद केलेली असते. आज्ञा न मानणाऱ्याच्या दारी 'मोहसल' बसविला जाई. मोहसल म्हणजे तगाद्यासाठी ठेवलेला सरकारी माणूस. तो उठेपर्यंत त्याच्या पोटगीचा भार त्या घरावर राही. वि. त्रिं. गुणे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथामुळे गोतसभा, महजर, निवाडपत्र इत्यादी अंगांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. त्या मानाने बोलावण्याचे हे साधन दुर्लक्षित राहिले आहे. वास्तविक न्यायसभेचे काम सुरू होण्यापूर्वीच सामान्य कुळाला सरकारचे जे दर्शन घडे, ते मोहसलाच्या रूपाने.

ही पद्धती सौम्य होती असे कोणीही म्हणणार नाही. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात 'तगाद्या'चे वर्णन आहे. आपल्या बरोबरीच्या अथवा आपल्याहून हलक्या माणसाकडून येणे असल्यास धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवून ठेवी. ऋणको मोठा असला तर धनको स्वतःच त्याच्या उंबरठ्यावर धरणे धरून बसे. खाजगी तगादा आणि सरकारी मोहसल ह्यांच्यातील सीमारेषा त्या काळी फारशी ठळक नव्हती. गरीब कुळाला मसाल्याचा भुर्दंड मूळ दाव्याहून जड वाटला असल्यास नवल नाही. तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही. दारात बसलेला आणि घरची भाकर खाणारा मोहसल विसरला जाणे शक्य नव्हते. तो आहे हे घरच्यांना, शेजाऱ्यांना, पाटील-कुलकर्ण्यांना, सर्वांना ठाऊक असे. आणि तो उठून गेला म्हणजे प्रकरण निकालात निघाले किंवा तहकूब झाले, हेही सगळ्या गावाला कळे. बोलावण्याचे अस्तित्व आणि त्याची माहिती ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून निराळ्या नव्हत्या.

मोहसल उठविण्याचा मार्ग म्हणजे रुजू होणे आणि जामीन देणे. हाजीरजामीन हा माणसाच्या उपस्थितीची हमी घेई. मुचलका हा स्वतःचा लेखी बंध असे. ज्याने भयाने गावच सोडले, जो परागंदा झाला, त्याच्यासाठी आणखी एक साधन होते. ते म्हणजे कौल अथवा अभयपत्र. "तुम्ही यावे, तुम्हांस उपद्रव लागणार नाही" अशा आशयाचे वचन सरकार लेखी देई आणि त्या भरवशावर माणूस परत येई. कौल मुख्यतः पळालेल्या रयतेला पुन्हा वसविण्यासाठी दिला जाई हे खरे. पण त्यामागील व्यवहारबुद्धी व्यापक होती. पळालेला माणूस धरून आणण्याचा खर्च मोठा, आणि तो आपल्या पायांनी परत येण्यात राज्याचाही लाभ, हे जुन्या कारभाऱ्यांनी ओळखले होते.

१८१८ नंतर कंपनी सरकारने आरंभी जुन्या रिवाजास धक्का न लावण्याचे धोरण ठेवले. परंतु १८२७ चे मुंबईचे नियम, ज्यांना एल्फिन्स्टन कोड म्हटले जाते, लागू झाल्यावर मुंबई इलाख्याच्या मुलखात बोलावण्याचे स्वरूप कागदी होऊ लागले. १८६१ च्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने व तिच्यामागून आलेल्या १८७२, १८८२ आणि १८९८ च्या संहितांनी ते पूर्ण केले. समन्स आणि वॉरंट ह्यांचे वर्ग ठरले, नमुने ठरले, बजावणीचा अधिकार कोणाचा हे ठरले. मोहसलाचा जाच गेला, ही उपकारक गोष्ट होय. पण त्याच्याबरोबर त्याचे दिसणेही गेले. वॉरंट आता आरोपीच्या दारात बसत नव्हते. ते पोलीस ठाण्याच्या बासनात बसत होते. आरोपी घरी न भेटल्यास त्याच्या मागे असे काही आहे हे त्याला कळेलच, अशी व्यवस्था राहिली नाही.

मोकळे होण्याचा जुना मार्ग मात्र नव्या कायद्यातही टिकून राहिला, आणि तो अशा ठिकाणी टिकला की तेथे त्याच्याकडे लक्ष जात नाही. १८९८ च्या संहितेच्या ७६ व्या कलमान्वये न्यायालय वॉरंटवरच असा शेरा मारू शकत असे की, आरोपीने अमुक रकमेचा बंध व पुरेसे जामीन दिल्यास त्यास सोडून द्यावे. जामीनपात्र वॉरंट ते हेच. हाजीरजामीन वॉरंटवरील एका शेऱ्यात जिवंत राहिला, असे म्हणावयास हरकत नाही. जो सापडतच नाही त्याच्यासाठी जाहीरनाम्याची तजवीज होती. तो गावात उघडपणे वाचावयाचा, राहत्या घरावर आणि कचेरीत लावावयाचा आणि हजर होण्यास निदान तीस दिवसांचा अवधी द्यावयाचा. त्यानंतर जप्ती. चावडीवरच्या दवंडीशी ह्या विधीचे साम्य उघड आहे. विशेष हे की, जप्त झालेली मिळकत दोन वर्षांच्या आत परत मागण्याची मुभा ८९ व्या कलमाने ठेवली होती. आपण फरारी झालो नव्हतो आणि वेळेवर हजर राहता येईल अशी जाहीरनाम्याची खबर आपणास लागली नव्हती, एवढे मालकाने सिद्ध करावयाचे. अज्ञान संभवते ही कबुली कायद्याने येथे दिली आहे. पण ती जाहीरनामा आणि जप्ती ह्यांच्यापुरतीच. साध्या वॉरंटच्या बाबतीत तसे काही नाही. आरोपी मिळेना म्हणून त्याच्या गैरहजेरीत साक्षी नोंदवून ठेवल्या जात, खटला 'डॉरमंट फाइल'वर जाई आणि वॉरंट मात्र अमलात राही.

कौलाची आठवण करून देणारा एक प्रसंग स्वातंत्र्यलढ्यात सापडतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर झेंडा फडकविणाऱ्या अरुणा असफ अली भूमिगत झाल्या. त्यांची मालमत्ता सरकारने जप्त करून विकली. त्या प्रकट झाल्या त्या १९४६ साली, वॉरंट मागे घेतले गेल्यावर. येथे त्या न्यायालयासमोर रुजू झाल्या नाहीत. राज्यकर्त्यांनीच हात मागे घेतला. राजकीय आरोपींना असा कौल मिळू शकतो. किरकोळ खटल्यातील माणसाला तो कोण देणार? त्याला एकच दार उघडे असते, ते म्हणजे ज्या न्यायालयाने वॉरंट काढले त्याचे. पोलीस अधिकाऱ्याला ते रद्द करता येत नाही; फिर्यादीने तडजोड केली म्हणूनही ते आपोआप रद्द होत नाही. आरोपीने स्वतः अथवा वकिलामार्फत अर्ज करावा, गैरहजेरीचे कारण सांगावे, न्यायालय मागेल तो बंध अथवा जामीन द्यावा आणि रद्द केल्याचा हुकूम मिळवावा, हा क्रम रूढ आहे.

हा क्रम पाळूनही काय घडू शकते हे मुंबईच्याच एका प्रकरणात दिसून आले. २००२ साली एका किरकोळ फौजदारी खटल्यात एका वकिलाविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघाले. त्याने न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेतले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, पोलिसांनी त्याच वॉरंटावर त्याला अटक केली. वॉरंट रद्द झाले आहे असे तो सांगत होता. लेखी पुरावा मात्र त्या क्षणी त्याच्याजवळ नव्हता. न्यायालयाच्या दृष्टीने कागद मेला होता, पोलिसांच्या हाती तो जिवंत होता. स्वतः वकील असलेल्या माणसाची ही गत, तर खेड्यातून शहरात आलेल्या हमालाची किंवा बिगाऱ्याची काय होत असेल ह्याची कल्पना करण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ह्या प्रकरणात जे दंडक घालून दिले ते इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहेत. वॉरंटचे नमुने छापील व अनुक्रमांकित असावेत. प्रत्येक वॉरंट न्यायालयाच्या नोंदवहीत चढविल्यावाचून काढू नये आणि तशीच नोंदवही पोलीस ठाण्यातही असावी. बजावणी ठरावीक नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपवावी. परतीची तारीख घालावी आणि त्या तारखेस, बजावले असो वा नसो, वॉरंट अहवालासह परत मागवावे. रद्द झाल्यास तशी नोंद करावी, पोलिसांकडून कागद परत मागवावा आणि हुकुमाची प्रत आरोपीलाही द्यावी. त्यापूर्वी २००७ साली त्याच न्यायालयाने आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि अगदी नाइलाज झाल्यास अजामीनपात्र वॉरंट, असा क्रम सुचविला होता. परतीच्या तारखेचा नियम सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल; कारण मूळ कलमाला हात न लावता त्याने कागदाला वेळोवेळी न्यायाधीशाच्या नजरेसमोर येणे भाग पाडले.

२००७ पासून राबविल्या गेलेल्या ई-न्यायालय प्रकल्पामुळे खटल्याचा सोळा अक्षरांकांचा क्रमांक अथवा पक्षकाराचे नाव देऊन पुढील तारीख, टप्पा आणि पुष्कळदा हुकूमही पाहता येतो. ज्याला आपल्यावर खटला आहे हे ठाऊक आहे त्याची ह्याने मोठी सोय झाली. ज्याला ते ठाऊकच नाही, ज्याचे नाव पिढीजात दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, किंवा ज्याचा खटला यंत्रात चढण्यापूर्वीच डॉरमंट फाइलवर गेला, त्याला अजूनही संबंधित न्यायालयाच्या कचेरीत जाऊन नोंदवही पाहण्याची विनंती करावी लागते. आणि नव्या संहितेच्या ३५६ व्या कलमाने ह्या अज्ञानाची किंमत वाढविली आहे. गंभीर गुन्ह्यात जाहीरनाम्याने फरारी घोषित झालेल्या आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीत निकालापर्यंत चालविण्याची सोय तीत आहे. त्यासाठी निदान तीस दिवसांच्या अंतराने दोन लागोपाठ वॉरंटे निघालेली असावीत, वृत्तपत्रात सूचना प्रसिद्ध व्हावी, आरोपीच्या शेवटच्या ठाऊक असलेल्या घराच्या ठळक भागी व पोलीस ठाण्यात ती लावली जावी, अशा अटी आहेत. चाळीतील ती खोली सोडून दहा वर्षे झालेल्या माणसाच्या जुन्या दारावर लावलेली ती सूचना नवा भाडेकरू वाचील. मोहसल असता तर त्याने त्या भाडेकरूला निदान आधीच्या माणसाचा पत्ता विचारला असता.