तळटीप : ‘डेअरिंग’

१. डेअरिंग : सुप्याच्या कुळांविषयी मजकुरात आलेला हा इंग्रजी शब्द बारामती-इंदापूरकडे आज इतका रुळला आहे की ‘त्याला डेअरिंग लागतं’ असे म्हणणाऱ्यास तो परका वाटत नाही, तथापि ‘करेज’ म्हणजे भयातही न ढळणारी मनोवृत्ती, ‘डेअरिंग’ म्हणजे धोका ओळखून प्रत्यक्ष केलेली कृती, ‘बोल्डनेस’ म्हणजे निःसंकोचपणा आणि ‘ऑडॅसिटी’ म्हणजे मर्यादेचे उद्दाम उल्लंघन, हा भेद वाचकाने ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. इंदापूर तालुक्यात १८३६ साली लागू झालेल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपून फेरजमाबंदीत शेतसारा वाढला, कापसाचे भाव कोसळले, आणि सावकारी कर्जाने आधीच गांजलेल्या आसपासच्या मुलखातील कुळांचा धीर सुटला; त्यातूनच, तेव्हा भीमथडी तालुक्यात व आता बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे, १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजारच्या दिवशी, जमावाने सावकारांच्या पेढ्यांवर चाल करून कर्जरोखे व वह्या हस्तगत केल्या. सरकारदप्तरी याची नोंद ‘दंगा’ अशीच झाली. आणि ‘डेअरिंग’ला मराठीत सहज सुचणारा प्रतिशब्द ‘साहस’ हेही धर्मशास्त्रात बळजोरीच्या अपराधाचे व्यवहारपद आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु या उठावात सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कागदपत्रांवरच बहुधा रोख राहिला. म्हणून ‘ऑडॅसिटी’ने या दीन कुळांवर अन्याय झाला असता, आणि ‘डेअरिंग’ हाच शब्द आम्ही कायम ठेवला आहे. — संपादक